साठ पावलांवरची घोंगडी

मामांशी वाद घालायचा तर डबा खाऊन घालावा, रिकाम्या पोटी घालू नये, असं आमच्या स्टाफरूममध्ये ठरूनच गेलं होतं. कारण वाद चौसाळ्यात सुरू झाला तर तो बीड येईपर्यंत संपायचा नाही. बीड आलं तरी मामा जीप बंद करायचे, सगळं अंग वळवून मागे बघायचे आणि म्हणायचे, "हां, तर तुमी काय म्हनत होता?" तोवर आपण काय म्हणत होतो हे आपल्याला आठवत नसायचं. त्यांना मात्र शब्दन् शब्द आठवायचा.

मामा म्हणजे आमचे जीपवाले. आम्ही सहा शिक्षक बीडहून अपडाऊन करायचो. शाळा चौसाळ्यापासून पाच-सहा किलोमीटर आत. मोठ्या रस्त्यावर मांजरसुंब्याचा घाट, धाबे, ट्रका. आणि चौसाळ्याला वळलं की मग एकच गाडी नीट जाईल असा अरुंद रस्ता. त्या रस्त्यावर समोरून काही आलं की दोघांपैकी एकाने खाली उतरायचं असतं. बहुतेक वेळा मामाच उतरायचे, पण समोरच्याने आधी डिप्पर मारला तरच.

डिप्पर हा मामांचा धर्म होता. समोरून गाडी आली की दिव्याचा झोत खाली करायचा, एवढीच ती गोष्ट. पण मामा ती वडीलधाऱ्यांपुढे वाकावं तशी करायचे. "डिप्पर म्हंजी रस्त्यावरचा रामराम हाय, म्याडम. जो रामराम घेत न्हाई त्याच्या दारात उभं राहू नये." रामराम न घेणाऱ्याला मग ते शिव्या द्यायचे, पण त्याही आमच्याकडे बघून निम्म्या गिळायचे. त्यामुळे आमच्या कानावर फक्त "तुझ्या..." एवढंच पडायचं आणि पुढचं गणिताचे सर पूर्ण करायचे.

हे गणिताचे सर म्हणजे मामांचे जुने वैरी. दोघांचं एकमेकांवाचून चालायचं नाही. सरांची जागा मामांच्या बरोबर मागची. माझी पुढे, डाव्या हाताला, कारण मला मागे बसलं की मळमळायचं. सकाळी जीप सुरू करायच्या आधी मामा तिच्याभोवती एक फेरी मारायचे आणि चारही टायरांना उलट्या हाताने स्पर्श करायचे, पोराला ताप आहे का बघावा तसं. सर घड्याळ दाखवायचे. मामा म्हणायचे, "सर, तुमची घंटा थांबंल. टायर फुटला तर तुमीच घंटा व्हाल." मी पहिल्या वर्षी या फेरीवर जाम वैतागायचे. दुसऱ्या वर्षी फेरी मारल्याशिवाय जीपमध्ये बसायला मलाच भीती वाटायला लागली.

एकोणीस वर्षांत माझ्या जीपखाली कोंबडी बी गेली न्हाई, हे ते दर आठवड्याला सांगायचे. आबांची गोष्ट मात्र ते सांगायचे नाहीत. ती मला आबांनीच सांगितली.

आबा म्हणजे त्या आतल्या रस्त्यावरचे मेंढपाळ. पाझर तलावाच्या पलीकडे त्यांचा मेंढवाडा, शे-दीडशे मेंढरं. दिवस कलला की ते कळप घेऊन रस्त्याच्या कडेने परतायचे, अंगावर काळी घोंगडी. एकदा उशीर होऊन अंधार पडला होता आणि समोरून एक पिकअप आली, दोन्ही दिवे पांढरेफेक, डिप्पर नाही. मामांच्या डोळ्यांपुढे नुसता चुना फासल्यासारखं झालं. त्यांनी ब्रेक दाबला, आणि पिकअप निघून गेल्यावर बघतात तर बंपरला टेकून आबा उभे. आबांनी आधी काठी बॉनेटवर हाणली आणि मग विचारलं, "का रं, आंधळा हायेस का?" बॉनेटवरचा तो पोचा मामांनी कधी काढून घेतला नाही. पण त्या दिवसापासून त्या सरळ पट्ट्यात आबा दिसले की जीप थांबायची, दोघे तंबाखू मळायचे आणि आम्ही सहा शिक्षित माणसं मुकाट्याने मेंढरं मोजत बसायचो.

आता मुद्द्याचं. त्या वर्षी दहावीचे जादा तास सहापर्यंत लांबले आणि थंडीच्या दिवसांत परतताना अंधार पडायला लागला. बाकीच्या सगळ्या जीपांना पांढरे एलईडी लागले होते. आमच्या मामांचे तेवढे पिवळे हॅलोजन. सर म्हणाले, "मामा, जीपला बल्ब आहेत की रॉकेलच्या चिमण्या? बदला आता. सगळ्यांनी बदलले."

"सगळ्यांनी बदलले म्हनून मी बायकू बी बदलू का?" मामा म्हणाले.

पण विषय साधा राहिला नाही. पुढच्या वळणावर एक खड्डा आला, तो मामांना दिसला नाही आणि सरांचं डोकं टपाला आपटलं. टेंगूळ चोळत सरांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की महिनाभरात एलईडी लागले नाहीत तर आम्ही दुसरी जीप लावू. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, हे कबूल करते. आम्ही सहा जण गेलो तर मामांकडे दुसरं गिऱ्हाईक नव्हतं आणि त्यांना ते माहीत होतं. त्यांनी आरशातून सरांच्या टेंगळाकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "बल्ब बदलतो. पन परीक्षा घेऊन. तुमी पोरांना परीक्षेबिगर वर ढकलत न्हाई ना?"

मांजरसुंब्याच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर होते. दुकानदाराने बल्ब पेटवून त्याचा झोत समोरच्या पांढऱ्या भिंतीवर मारला. भिंत अशी उजळली की पलीकडच्या हॉटेलातली माणसं चहा सोडून बघायला लागली. "बघा! दिवस उगवला!" दुकानदार म्हणाला. डब्यावर तर मोठमोठे आकडे छापलेले.

मामांनी डबा उलटासुलटा करून बघितला. "हे आकडे ज्यानं मोजले तो माणूस रातच्याला या रस्त्यानं गेलता का?"

"मामा, भिंतीवर दिसतंय की!"

"रस्त्यात भिंत आडवी येती का, शेठ? घोंगडं येतंय. काळं."

दोन वेगवेगळ्या जोड्या त्यांनी परतीच्या बोलीवर घेतल्या आणि पाझर तलावाजवळच्या त्या सरळ पट्ट्यात आमची परीक्षा भरली.

मामांची पद्धत अशी. जीप एका जागी उभी करायची, झोत डिप्परवर. आबांनी लांबून, अंधारातून, घोंगडी पांघरून जीपकडे चालत यायचं. मामा स्टीअरिंगवर. घोंगडी दिसली की हॉर्न. हॉर्न वाजला की आबा जिथल्या तिथे उभे. मग मामा उतरून जीपपासून आबांपर्यंत पावलं मोजणार. पास व्हायला साठ पावलं. साठच का? तर चाळीसच्या स्पीडला ब्रेक दाबून जीप किती पावलांत थांबते ते त्यांनी आधीच मोजून ठेवलं होतं. ती तीस भरली. "तीस गाडीला, तीस मानसाच्या चुकीला," मामा म्हणाले. साठाव्या पावलावर त्यांनी एक दगड चुन्याने रंगवून ठेवला. सर म्हणाले की यात शास्त्रीय काही नाही. मग म्हणाले, तरी सरासरी काढायला हवी. आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच आलेखाची वही घेऊन आले.

जुने पिवळे बल्ब: एक्केचाळीस पावलं. नापास.

पहिली एलईडीची जोडी: पेटवल्याबरोबर जीपसमोरची जमीन अशी लखलखली की मुंगी दिसली असती. आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि हॉर्न वाजला तेव्हा आबा चौतीस पावलांवर आलेले! आम्ही तोंडात बोटं घातली. मामा तेवढ्याच शांतपणे खाली उतरले आणि वर बोट करून म्हणाले, "ते बगा." शेजारच्या लिंबाच्या शेंड्यावरची पानं न् पानं उजळली होती. मग त्यांनी दोन्ही बल्ब काढून आम्हाला समोरासमोर धरून दाखवले. हॅलोजनमधली तार केसासारखी, आणि ती एका ठरावीक जागी बसलेली. दिव्यातली आरशासारखी वाटी त्या जागेसाठीच घडवलेली. एलईडीची पट्टी जाड, चपटी, आणि जागेवरून थोडी सरकलेली. "एक तांदूळभर सरकलं की उजेड रानात जातो. आनि पायापाशी एवढा उजेड पडला की लांबचा अंधार अजूनच काळा होतो. आपल्याला वाटतं लई दिसतंय. दिसत असतो निसता आपलाच बंपर."

उलट बाजूची परीक्षा आबांची. त्या जोडीसमोर उभं राहून त्यांनी एका वाक्यात निकाल दिला: "मामा, ह्यो दिवा न्हाई, ह्यो भांडान हाय."

दुसरी जोडी बरी होती. बल्बाच्या बुडाशी असलेली कडी फिरवून पट्ट्या आडव्या बसवल्यावर उजेड झाडावरून रस्त्यावर उतरला आणि आबांच्या डोळ्यांतही जाईना. चव्वेचाळीस पावलं. तरीही नापास.

मग मामा दोन दिवस जीपच्या तोंडात डोकं घालून बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा चेहरा उजळलेला. "म्याडम, आपला जुना बल्ब आजारी न्हाई. उपाशी हाय!" त्यांनी मीटर लावून बघितलं होतं. बॅटरीतून निघालेला करंट जुनाट बारीक वायरींतून आणि स्विचातून फिरत बल्बापर्यंत पोचेपर्यंत निम्मा-शिम्मा व्हायचा, नळाचं पाणी गल्लीच्या शेवटच्या घरी पोचतं तसा. त्यांनी जाड वायर टाकली, करंट बॅटरीतून थेट बल्बाला देणारा रिले मधे बसवला, वाट्या घासूनपुसून लख्ख केल्या. तेच पिवळे बल्ब दुप्पट पेटले. आम्हाला तर तेव्हाच वाटलं, झालं, जिंकले मामा.

एकोणपन्नास पावलं.

त्या संध्याकाळी मामा चुन्याच्या दगडाजवळ बराच वेळ उभे होते. अकरा पावलं कमी. आबा लांबून ओरडले, "मामा, आजून किती बार मरू मी? मेंढरं उपाशी हायेत!"  महिना संपायला तीन दिवस राहिले होते.

मला एक गोष्ट गेले काही दिवस टोचत होती, ती इथे सांगून टाकते. मी त्यांच्या शेजारी बसायचे. मला आबा हॉर्नच्या आधी दिसायचे. चांगले आधी. पहिल्यांदा वाटलं, माणूस येतोय हे आपल्याला माहीत आहे म्हणून भास होत असेल. पण मग बाकीचंही आठवायला लागलं. तो सरांच्या टेंगळाचा खड्डा मला दिसला होता. मामा हल्ली लांबची गाडी कुठली ते आवाजावरून सांगायचे. आणि समोरून दिवे आले की म्हणायचे, "हे पांढरे दिवे उजेड फोडत्यात बगा. एका दिव्याचे धा दिवे करत्यात." मला कधी एका दिव्याचे दहा दिसले नव्हते. तरी मी गप्प बसले. एकोणीस वर्षं कोंबडी न मारलेल्या माणसाला हे कुणी सांगायचं?

शेवटच्या दिवशी सरांनीच तोंड उघडलं. "मामा, रोज तुम्हीच परीक्षक. पेपर एकदा दुसऱ्याकडून तपासून घ्या. मी बसतो स्टीअरिंगवर."

मामा पटकन कबूल झाले. वादात हरणं त्यांना आवडायचं नाही, पण रीत मोडणं त्याहून आवडायचं नाही. सर बसले. आबा निघाले. हॉर्न वाजला. मामांनी पावलं मोजली आणि परत आले तेव्हा त्यांचा आवाज चढलेला. "अडुसष्ट! सर, तुमाला बल्ब पास करून मोकळं व्हायचंय. न दिसताच दाबला तुमी हॉर्न."

"आईशप्पथ दिसलं, मामा!"

"तुमचं सोडा." ते माझ्याकडे वळले. "म्याडम, तुमी बसा. तुमाला बल्बाचं सोयरसुतक न्हाई."

मी स्टीअरिंगवर बसले. माझ्याकडे लायसन होतं, वीस तासांच्या क्लासमध्ये काढलेलं आणि नंतर कपाटात ठेवलेलं. मामा माझ्या जागेवर, डावीकडे. मागे सर, आलेखाची वही उघडून. आबा अंधारात गेले. मी रस्त्यावर नजर लावली आणि अंगठा हॉर्नवर ठेवला.

आणि चुन्याच्या दगडाच्याही पलीकडे मला काळ्यात काळं हलताना दिसलं.

तेवढ्यात मला कळलं की हा हॉर्न वाजला की काय होणार आहे. बल्ब पास होईल. आणि मामा? माझा अंगठा दाबेना. मनात म्हटलं, येऊ देत आबांना अजून थोडं, पन्नासपर्यंत येऊ देत, काय बिघडतं? दगड आला. आबांनी दगड ओलांडला. मी खोटं बोलत होते, नुसतं गप्प बसून, आणि माझे डोळे भरून आले होते.

"दाबा, म्याडम," मामा हळू आवाजात म्हणाले.

मी मान वळवली. मामा रस्त्याकडे बघतच नव्हते. ते पहिल्यापासून माझ्या तोंडाकडे बघत होते.

"तुमची मान मघाशीच ताठ झाली. तवाच दिसलं तुमाला. दाबा की."

मी हॉर्न दाबला. तो नको तितका वेळ वाजला. मामा पावलं मोजायला उतरले नाहीत. ते काचेतून समोर बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी सगळेच बल्ब मी उगीच नापास केले." मग बोटाने लिंबाकडे दाखवत म्हणाले, "एक सोडून. तो झाडावर चढलेला खरंच नापास होता." त्यांनी हात लांब करून चावी काढली आणि मागे सरांकडे दिली. त्या दिवशी बीडपर्यंत जीप सरांनी चालवली, आणि घाटात एकदाही कुणी वाद घातला नाही. 

मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. बीडला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डाव्याचा आतला पडदाच गेलेला, तो आहे तेवढाच राहील असं डॉक्टर म्हणाले. आम्ही दुसरी जीप लावली नाही. सर गाडी चालवायचे आणि मामा घरी. ही आमची काही मोठी माणुसकी नव्हती, आम्हाला लाज वाटत होती एवढंच. काळा चष्मा लावून बसलेल्या मामांनी मामींना इतकं पिडलं, की त्यांनीच मला फोन केला: "बाई, ह्यांना कुठंतरी कामाला लावा, न्हाई तर मी माहेरला जाते." म्हणून मी रविवारी त्यांच्याकडे ड्रायव्हिंग शिकायला जाऊ लागले. दिवसा, मोकळ्या मैदानात. "लायसन काय कपाटात पुजायला काढलं का?" ते विचारायचे. मास्तर म्हणून मामा महाभयंकर होते. मी क्लच सोडताना चुकले की ते जीपची माफी मागायचे, माझी नाही.

दीड महिन्याने डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं. आम्ही सगळे खूश. सर तर चावी घेऊन त्यांच्या दारात हजर. मामांनी चावी घेतली आणि म्हणाले, "डॉक्टरनं त्यांची परीक्षा घेतली. माझी राहिली अजून."

त्याच संध्याकाळी, तोच पट्टा. पिवळे दिवे लावलेले, पोटभर जेवलेले. मामा स्टीअरिंगवर, मी डावीकडे, मागे सर आणि बाकीचे. आबा लांबून चालू लागले. या वेळी मी रस्त्याकडे बघितलंच नाही. मी मामांकडे बघत होते. ते पुढे वाकले, त्यांचे ओठ हलत होते, आणि मी आयुष्यात कधी कुणाच्या पेपरसाठी केली नसेल एवढी प्रार्थना त्या हॉर्नसाठी केली.

हॉर्न वाजला. मामा उतरले. उजेडात त्यांची लहानखुरी आकृती चालत गेली, प्रत्येक पाऊल सारखं. ते आबांजवळ पोचले, थांबले, परत आले.

"पंचावन्न."

 मग सर पुढे झुकले. आवाज हसरा ठेवून म्हणाले, "मामा, पंचावन्न म्हणजे पासच. अहो, आमच्याकडे पोरगं दोन-चार मार्कांनी अडकलं तर आम्ही ग्रेस देतो. घ्या पाच पावलं ग्रेस."

मामांनी मागे वळून त्यांच्याकडे बघितलं. नेहमीसारखं, सगळं अंग वळवून. रागावले नव्हते ते.

"मला द्याल, सर. आबाला ग्रेस देता येती का?"

सर मागे टेकून बसले.  मामा म्हणाले, "सकाळी मी आनीन. उजेड असंस्तवर चालवीन. दिवस मावळल्यावर न्हाई." एवढं बोलून ते खाली उतरले, जीपच्या समोरून, दिव्यांच्या झोतातून फिरून माझ्या बाजूला आले आणि दार उघडलं.

"सरका, म्याडम. तिकडं."

"मामा, अंधारात? सर आहेत की! मला नाही जमायचं."

"सरांना येतंय, शिकायचं तुमाला हाय. तुमाला दिसतंय ना? मग जमंल. चालवायचं मी शिकवतो. दिसायचं कुनाला शिकवता येत न्हाई."

मी सरकले.